लाकडी बंदूक आणि नांगर

कवायतीचा विषय निघाला म्हणजे आमच्या शाळेत दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे असे, की मुलांस वळण लागावयाचे तर त्यांस गणवेश घालून रांगेत उभे केलेच पाहिजे. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे, की रांगेत उभा राहिलेला मुलगा फार तर उभे राहावयास शिकतो, विचार करावयास शिकत नाही. यंदा हा वाद वर्गातून शिक्षकांच्या खोलीपर्यंत आणि तेथून वक्तृत्व मंडळाच्या सभेपर्यंत गेला. उभय पक्ष मोठ्या आवेशाने बोलले. परंतु शाळकरी मुलांस गणवेश चढवून कवायत शिकविण्याची ही कल्पना चळवळीच्या रूपाने प्रथम कोणी व कशासाठी रुजविली, याची चौकशी मात्र कोणी केली नाही. ती केली असता जी हकीकत हाती येते, ती दोन्ही तटांस थोडी अडचणीत टाकणारी आहे. म्हणूनच ती येथे सांगावी व तिच्या आधारे आमचे मत वाचकांपुढे ठेवावे, असे आम्ही योजिले आहे.

ही हकीकत स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्लाइड नदीच्या काठी जहाजे बांधणारे हे शहर कारखान्यांच्या धुराने भरून गेले होते. १८७२ च्या कायद्याने स्कॉटलंडमधील मुलांस तेराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे झाले. पण तेरावे सरले की गरिबाघरचा मुलगा शाळेतून सुटे व कामाला लागे. त्यानंतर त्याची विचारपूस करणारे कोणी उरत नसे. चर्चच्या वतीने रविवारी भरणाऱ्या शाळांत लहान मुले येत, मोठी मुले येईनाशी होत. आणि जी येत ती शिक्षकांस सळो की पळो करून सोडीत. बारा ते सतरा वर्षांचा मुलगा म्हणजे ना धड लेकरू, ना धड गडी. अशा मुलाचे काय करावे, हा प्रश्न त्या काळी ग्लासगोत होता आणि आज आमच्याही घराघरांत आहे.

अशाच एका रविवारच्या शाळेत विल्यम अलेक्झांडर स्मिथ नावाचा तरुण शिक्षक होता. त्याचा जन्म १८५४ साली स्कॉटलंडच्या उत्तर टोकास थर्सो गावानजीक झाला. पोरवयातच तो ग्लासगोस मामाच्या पेढीवर आला. आठवडाभर व्यापार, फुरसतीच्या वेळी लँकेशायरशी नामसाधर्म्य असलेल्या लॅनार्कशायर परगण्याच्या स्वयंसैनिक पथकात कवायत आणि रविवारी मुलांस बायबलचे पाठ, असा त्याचा क्रम असे. एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. शनिवारी त्याच्या शब्दासरशी शेकडो मोठी माणसे वळत होती. रविवारी तोच माणूस मूठभर पोरांस पाच मिनिटे स्वस्थ बसवू शकत नव्हता. मग मैदानावरील युक्ती वर्गात का आणू नये?

४ ऑक्टोबर १८८३ रोजी नॉर्थ वुडसाइड रोडवरील मिशनच्या दिवाणखान्यात त्याने हिल आडनावाच्या दोघा भावांच्या साह्याने मुलांचे पहिले पथक उभारले. नाव ठेवले ‘बॉईज ब्रिगेड’. चिन्ह घेतले जहाजाच्या नांगराचे. कारण आशा ही जिवाला धरून ठेवणारा नांगर आहे, अशा अर्थाची उपमा बायबलातील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आली आहे. मुलांमध्ये आदरबुद्धी, शिस्त व स्वाभिमान रुजवून त्यांस ख्रिस्ताच्या मार्गाचे मर्द बनविणे हा त्याने स्पष्ट शब्दांत सांगितलेला हेतू. आज्ञापालन हा शब्द त्या हेतूत दहा वर्षांनी, १८९३ साली, घालण्यात आला. कवायतीच्या कैवाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. मुलांची जगातील ही आद्य गणवेशधारी चळवळ सुरू झाली तेव्हा ‘स्वाभिमान’ हा शब्द तिच्या ध्येयात होता, ‘आज्ञापालन’ नव्हता.

स्मिथच्या गणवेशाविषयी दोन शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. तो पुरा पोशाख नव्हताच. एक लहानशी गोल टोपी, कमरेला पट्टा आणि खांद्यावरून घ्यावयाची एक झोळी, एवढाच काय तो सरंजाम. तो मुलाच्या नित्याच्या कपड्यांवरच चढवावयाचा. ज्याच्या अंगावर बापाचा कोट आखूड करून घातलेला असे, तोही पट्टा आवळला की पथकाचा शिपाई होई. गरिबी झाकावी, परंतु गरिबास खर्चात पाडू नये, असा तो विचार होता.

आम्ही विद्यार्थी असतानाची गोष्ट आठवते. एका राष्ट्रीय सणाच्या सकाळी आमच्या वर्गातील एक मुलगा पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांवाचून आला. दोन आठवडे तो सर्वांत चोख पावले टाकीत होता. पाहुण्यांपुढे रांग विशोभित दिसू नये म्हणून त्यास ओट्यावर बसविण्यात आले. संचलन उत्तम झाले. पाहुण्यांनी शिस्तीची तारीफ केली. आणि तो ओट्यावर बसून आमची पावले मोजीत राहिला. त्यानंतर कवायतीच्या तासाला त्याने पुन्हा कधी जीव ओतला नाही. आमच्यापैकीही कोणी त्या दिवशी तोंडातून अवाक्षर काढले नाही, कारण आम्ही रांगेत होतो. त्या सकाळी शिस्त कोणी मोडली, असे आज कोणी आम्हांस विचारील तर त्या मुलाचे नाव आम्ही खास घेणार नाही.

बॉईज ब्रिगेडचे यश नुसत्या कवायतीत होते असे मानणे ही दुसरी चूक. कवायत हे आमिष होते, आणि स्मिथने ते कधी लपविले नाही. त्याच्यामागून व्यायाम आला, वाद्यवृंद आला, फुटबॉल आला, जखमा बांधण्याचे शिक्षण आले. १८८६ च्या उन्हाळ्यात, ग्लासगोतील कारखाने जत्रेच्या सुटीत बंद असताना, स्मिथने आपल्या मुलांस समुद्रकाठच्या टिनाब्रुइख या खेड्यात आठवडाभर मुक्कामास नेले. कामकरी मुलांस घराबाहेर असे नेणे ही त्या काळी लोकविलक्षण गोष्ट होती. आज सहल आणि शिबिर हे शब्द आमच्या शाळांच्या नित्य व्यवहारात आहेत. परंतु ज्याने कधी डोंगर पाहिला नाही अशा मुलास प्रथमच समुद्राचा वारा लागतो तेव्हा त्याच्या मनात काय होत असेल, याची कल्पना ज्याची त्याने करावी. शिवाय एका छपराखाली आठ दिवस राहिले म्हणजे शिक्षकास मुलगा कळतो. कोण रात्री घाबरतो, कोण आपल्या ताटातले दुसऱ्यास देतो, कोण पाणी भरण्याची पाळी चुकवितो, हे रांगेतून दिसत नाही. रांगेत सर्व मुले सारखी दिसतात. तो रांगेचा गुण आहे आणि तोच तिचा दोष.

हा दोष एका नामांकित सेनापतीच्या नजरेस आला. दक्षिण आफ्रिकेच्या युद्धात नाव कमावलेले बेडन-पॉवेल १९०३ पासून बॉईज ब्रिगेडचे एक उपाध्यक्ष होते. १९०४ साली ग्लासगोस ब्रिगेडच्या विसाव्या वर्षाचा समारंभ झाला, तेव्हा सुमारे ७,००० मुलांची कवायत त्यांनी पाहिली. ते प्रसन्न झाले. पण कार्यक्रमात अधिक विविधता असती तर याच्या कितीतरी पट मुले आली असती, असेही त्यांस वाटले. सैनिकांसाठी त्यांनी टेहळणीवर एक पुस्तक पूर्वी लिहिले होते. तेच मुलांसाठी नव्याने लिहा, असे स्मिथने त्यांस सुचविले. ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर त्यांनी वीस-एक मुलांचे प्रायोगिक शिबिर भरविले. त्यांत निम्मी मुले ईटन, हॅरो यांसारख्या श्रीमंती शाळांतील, तर निम्मी बोर्नमथ व पूल येथील बॉईज ब्रिगेडमधील साध्या घरची होती. १९०८ मध्ये पुस्तक निघाले आणि बालवीर चळवळ वणव्यासारखी पसरली.

येथे स्मिथच्या मनाचा मोठेपणा दिसतो. आपल्या मांडवाखाली वाढलेली वेल दुसऱ्याच्या अंगणात फुलली, तरी त्याने तिचे मूळ खणून काढले नाही. आपली ब्रिगेड आपल्या मार्गाने चालत राहील, एवढेच त्याने पाहिले. १९०९ मध्ये त्यास ‘सर’ हा किताब मिळाला आणि मे १९१४ मध्ये तो वारला. आणखी तीनच महिन्यांनी पहिले महायुद्ध पेटले.

आता या हकीकतीतील सर्वांत अवघड भागाकडे वळू. ब्रिगेडच्या मुलांच्या हातांत कवायतीसाठी खोट्या बंदुका असत. त्यांतून गोळी सुटत नसे. मुलांस त्या विलक्षण आवडत, आणि स्मिथ हा युद्धखोर मनुष्य नव्हता. परंतु त्या बंदुकीने अनेक सज्जनांच्या काळजात धस्स होई. चर्चच्या दिवाणखान्यात, बायबलाच्या शेजारी, बंदूक कशाला? १८९९ साली जॉन ब्राउन पेटन या धर्मोपदेशकाच्या प्रेरणेने ‘बॉईज लाइफ ब्रिगेड’ ही निराळी संस्था निघाली. तिचा कार्यक्रम जीव वाचविण्याचा होता. बुडत्यास काढणे, आगीतून सोडविणे, जखमीची शुश्रूषा करणे हेच तिचे कवायतीचे धडे. तिच्या मुलांच्या हाती बंदूक दिली जात नसे.

पुढे सरकारचीही नजर या मुलांवर गेली. गणवेश अंगावर आहे, पाऊल जुळते आहे, आज्ञा कळते आहे. मग या पथकांस सैन्याच्या उमेदवार तुकड्या म्हणून का मान्यता देऊ नये? इंग्लंडच्या चर्चशी संलग्न असलेल्या ‘चर्च लॅड्स ब्रिगेड’ने १९११ साली ती मान्यता पत्करली. बॉईज ब्रिगेडने त्याच साली नाकारली. आमच्या मते ब्रिगेडच्या इतिहासातील हा सर्वांत मानाचा क्षण होय. मात्र युद्धाच्या भरात, १९१७ साली, तिचाही निर्धार ढळला. ज्या पथकांस इच्छा असेल त्यांनी मान्यता घ्यावी असे ठरले. तो संबंध १९२४ मध्ये तुटला. १९२६ मध्ये बॉईज ब्रिगेड व बॉईज लाइफ ब्रिगेड एक झाल्या आणि त्या एकीकरणाबरोबर कवायतीतील बंदुकीस निरोप मिळाला. त्या वर्षापासून चिन्हातील नांगरामागे लाइफ ब्रिगेडचा क्रूस आला.

बंदूक खाली ठेवावयास एवढी वर्षे का लागली, आणि मधल्या काळात काय झाले? सप्टेंबर १९१४ मध्ये ग्लासगोत ब्रिगेडच्या आजी-माजी सभासदांची एक स्वतंत्र पलटण उभी राहिली. हायलँड लाइट इन्फंट्रीची ती सोळावी पलटण. जे मित्र एका दिवाणखान्यात पावले टाकावयास शिकले, एका शिबिरात जेवले, तेच एका खंदकात उतरले. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोम नदीच्या रणभूमीवर त्या पलटणीने हल्ला केला. त्या एका दिवसात तिचे पाचशेच्या वर लोक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. ग्लासगोच्या गल्लीगल्लीत तारा गेल्या.

त्या लाकडी बंदुकीने त्यांस मारले, असे म्हणण्याचा उथळपणा आम्ही करणार नाही. ज्यांनी कधी कवायत केली नव्हती अशीही लक्षावधी मुले त्या युद्धात गेली. परंतु बारा वर्षांच्या मुलाच्या हाती आपण जे खेळणे देतो, त्याबरोबर आपण त्यास एक प्रश्न सोडवून दिल्यासारखे होते. आणि तो प्रश्न सोडविण्याचे त्याचे वय अजून झालेले नसते. शस्त्र उचलावे की नाही व कोणासाठी उचलावे, हा निर्णय समजत्या वयाचा आहे. तो आम्ही मैदानावर, शिट्टीच्या तालावर, त्याच्या वतीने उरकून टाकू नये.

धर्माच्या बाबतीतही या हकीकतीत शिकण्यासारखे आहे. बॉईज ब्रिगेड ही उघड उघड ख्रिस्ती संस्था होती व आहे. आपला धर्म तिने पट्ट्याखाली लपविला नाही. असे असूनही तिची रीत इतरांनी आपलीशी केली. १८९५ साली लंडनमध्ये कर्नल गोल्डस्मिड यांनी ज्यू मुलांची ब्रिगेड काढली. मुलींसाठी १८९३ मध्ये आयर्लंडात ‘गर्ल्स ब्रिगेड’ व १९०० मध्ये ग्लासगोतच ‘गर्ल्स गिल्ड्री’ निघाली. म्हणजे मुलाच्या मनातील भूक एकच होती. प्रत्येकाने आपापल्या घरचे अन्न वाढले.

आमच्या देशात तीच भूक अपमानातून प्रकट झाली. १९०९ मध्ये बंगळुरास बालवीरांचे पथक निघाले. पण आरंभीची ही पथके युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरती होती. हिंदी मुलास तेथे जागा नव्हती. तेव्हा १९१६ मध्ये मद्रासेस ॲनी बेझंट यांनी हिंदी मुलांसाठी स्वतंत्र संघटना काढली. अलाहाबादेस मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची पथके उभारली. आणि नागपुरास, पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले व्हिव्हियन बोस यांनी मध्य प्रांताच्या बालवीरांची धुरा वर्षानुवर्षे वाहिली. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी निरनिराळे प्रवाह एकत्र येऊन ‘भारत स्काउट्स अँड गाइड्स’ स्थापन झाली. ज्या रांगेत एकेकाळी आम्हांस उभे राहू दिले नव्हते, ती रांग आम्ही आमची केली. मग त्याच रांगेतून आम्ही बुटांवाचून आलेल्या मुलास कोणत्या तोंडाने उठवावे?

आता आमचे मत. कवायत असावी. मुलाला आपल्या देहाचा ताबा यावा, दहाजणांशी पाऊल जुळवावे, सांगितलेल्या वेळी सांगितलेल्या ठिकाणी हजर असावे, या गोष्टी पुस्तकातून येत नाहीत. परंतु तीन अटींवर असावी. पहिली अट, गणवेश असा असावा की सर्वांत गरीब घराच्या खिशाला तो परवडेल. नाही परवडला तर गणवेश बदलावा, मुलास उठवू नये. दुसरी, कवायतीच्या मागोमाग शिबिर, सेवा, प्रथमोपचार, खेळ यांपैकी काहीतरी यावे. केवळ पाहुण्यांस दाखविण्यापुरती जी कवायत होते ती पाहुण्यांबरोबरच निघून जाते. तिसरी, शाळेच्या मैदानावरील शिस्त ही मुलाच्या स्वतःच्या आयुष्यासाठी असावी, दुसऱ्या कोणाच्या कामासाठी केलेली पूर्वतयारी नसावी.

या तिसऱ्या अटीवर आमचे काही विद्यार्थी रुष्ट होतील, हे आम्ही जाणतो. आमच्या बेळगावास पलटणीचा शेजार आहे. पहाटे कॅम्पाकडून बिगुलाचा सूर येतो आणि अभ्यासास बसलेल्या कितीतरी मुलांची पाठ आपोआप ताठ होते. ग्लासगोची ती पलटण ज्या महायुद्धात लढली, त्यातच मराठा पलटणींनी मेसोपोटेमियाच्या वाळूत आपले रक्त सांडले. त्या वारशाविषयी आम्हांस अभिमान आहे, आणि तो आहे म्हणूनच आम्ही असे म्हणतो. सैनिक होणे हा एवढा गंभीर संकल्प आहे, की तो खेळण्यातल्या बंदुकीने सुचविला जाऊ नये. ज्यास जावयाचे आहे त्याने वयात येऊन, आईबापांच्या पाया पडून, डोळे उघडे ठेवून जावे. शाळेने त्यास ताठ पाठ द्यावी, सोबत डोळेही द्यावेत.

आमच्या भाषेत नांगर हा शब्द दोन कामे करतो. शेतकऱ्याचा नांगर जमीन मोकळी करतो, कोळ्याचा नांगर होडी धरून ठेवतो. स्मिथने आपल्या मुलांसाठी दुसरा निवडला. आमच्या मुलांस आज दोन्ही हवे आहेत. त्यांचे मन वादळात वाहून जाऊ नये इतके धरलेले असावे, आणि नवा विचार रुजेल इतके उकललेले असावे. येत्या वर्षी मैदानावर रांग उभी करण्यापूर्वी शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी ओट्याकडे एकदा नजर टाकावी. तेथे कोणी बसलेले नसेल, तरच शिट्टी वाजवावी.